काकी गाठ मारत नसे

काकी गेली, अशी तार संध्याकाळी आली. मी मस्कतला होतो. तारेत पुढे लिहिलं होतं, 'वाट पाहतो.' मी तार माझ्याच खोलीत राहणाऱ्या दत्तूच्या हातात दिली. दत्तूने ती वाचली. तो खाली गेला आणि चहा घेऊन आला. मी चहा प्यायलो.

ती आजारी नव्हती. हे मी त्या संध्याकाळी दत्तूला सांगितलं, आणि आज लिहायला बसलो तर पुन्हा तेच वाक्य आलं. तिला कधी साधा ताप आल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ती कशेळ्याला एका घरी बाळंतपणाला गेली होती. मुलगा झाला. तिने नाळ बांधली, हात धुतले आणि ओटीवर येऊन भिंतीला टेकून बसली. "जरा च्या टाक गं," म्हणाली. घरातली बाई चहा घेऊन आली, कप तिच्याजवळ ठेवला आणि पुन्हा आत गेली. बऱ्याच वेळाने ती कप उचलायला आली. कप भरलेला होता. काकी बसलेली होती. हे मला नंतर कळलं. कळलं म्हणजे कानावर आलं. ते अजून आत कुठे शिरत नाही.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. धाकट्या काकांनी आणि काकीने मला दहिवलीत वाढवलं. त्यांना सुमन ही एकच मुलगी. मी सदा पुस्तकात डोकं घालून बसायचो म्हणून काकी मला मास्तर म्हणायची. मी मास्तर कधीच झालो नाही. एका कंपनीच्या कचेरीत कारकून झालो आणि त्याच कामासाठी मस्कतला गेलो. तरी काकीचा मी मास्तरच राहिलो.

काकी सुईण होती आणि ती गाठ मारत नसे. तिला ओळखणाऱ्या कोणालाही विचारलं तर तो आधी हेच सांगेल. तिच्या कापडी पिशवीला नाडी नव्हती. तोंड दुमडून ती पिशवी काखेत धरायची. अंबाडा ती नुसता पिळून खोचायची. सुटे पैसे बायका पदराच्या टोकाला बांधतात, ते ती मुठीत धरून बाजारात जायची. बायका तिची थट्टा करत. "काकी, लुगड्याला तरी गाठ हाय ना? का तशाच निघालाव?" काकी म्हणायची, "ती लाजेची हाय. तिला सूट." मग जरा थांबून म्हणायची, "मी गाठ मारते ती एकच, नाळंची. बाकीच्या तुमी मारायच्या न् मी सोडायच्या."

बाळंतपणाच्या घरात शिरली की तिचं पहिलं काम ते. बाईचे केस मोकळे करायचे, बांगड्या सैल आहेत का पाहायच्या, आणि मग घरातल्या सगळ्यांना कामाला लावायचं. पेट्या उघडा, कुलपं काढा, गोणीचं तोंड सोडा, गोठ्यातल्या वासराचं दावं सोडा. बाहेर यायचं त्याची वाट कुठे अडता कामा नये, अशी तिच्या सासूपासून चालत आलेली रीत होती. सुमनचं पहिलं बाळंतपण आमच्याच घरी झालं. मी नुकताच पदवीधर होऊन घरी बसलो होतो. माझी पुस्तकं सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली होती. आतून काकीचा आवाज आला, "मास्तर, तुझ्या पुस्तकांची सुतळी सोड."

"पुस्तकांची? काकी, त्यांचा काय संबंध?"

"सोड म्हटलं ना रं."

मी माळ्यावर चढलो. सुतळी जुनी होती, गाठ दगडासारखी बसली होती. मी ओढत बसलो. काकी हात पुसत दारात आली, वर पाहिलं आणि म्हणाली, "ओढू नको. ओढलीस की आणखी बसते. टोक धर न् आत ढकल. सैल झाली की आपसूक येते." मी टोक आत ढकललं. गाठ सुटली. थोड्या वेळाने सुमनला मुलगी झाली.

पुढे मी तिला विचारलं होतं, तुला खरंच वाटतं का, सुतळीमुळे बाळंतपण अडतं म्हणून. तिने जरा विचार केला. "म्हाईत नाय रं. पण घरातली माणसं गाठी सोडत बसली म्हंजे मधी मधी येत नायत." आणि मग स्वतःच इतकी हसली की मांडीवरची नात जागी झाली.

तेव्हा आमच्या भागातली माणसं आखातात जायला लागली होती. खोपोलीच्या कारखान्यांत काम शिकलेले, गाड्या चालवणारे, गवंडी, सुतार. माझा नंबर लागला तेव्हा दहिवलीतून विमानाने जाणारा मी पहिलाच. निघायच्या दिवशी काकांनी माझं सामान बांधलं. काका पेंढ्याची गाडी बांधत ती नेरळपर्यंत गेली तरी एक काडी हलत नसे. माझी ट्रंक त्यांनी सुंभाने उभी-आडवी आवळली. हातातल्या पिशवीचं तोंड शिवलं. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलं, त्यावर दोरी, दोरीवर आणखी एक दोरी.

काकी बाहेर आली. सामानाकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि एकेक सोडायला लागली.

"अगं, काय करतेस?" काका ओरडले. "रस्त्यात उलगडलं म्हंजे?"

"उलगडलं तर बांधता येतंय. अडलं म्हंजे?"

"विमानात जातोय तो, बाळंत व्हायला नाय."

"तितं दार हाय ना? पोलीस बघून सोडतात ना?" मी तिला तेवढं सांगितलं होतं: एक चौकट असते, तिच्यातून जावं लागतं, अंगावर लोखंड असेल तर ती वाजते, पिशवीत हात घालून बघतात. "मग तेच झालं की," काकी म्हणाली. "दारातून पलीकडं जायचं. अडकंल असं काय ठेवायचं नाय." तिने माझ्या खिशात हात घातला. घराची किल्ली काढून घेतली. पट्टा काढायला लावला, तो पिशवीत वर ठेवला. विजेरीतले सेल काढून विजेरीशेजारी ठेवले. काका रागाने गोठ्यात निघून गेले.

विमानतळावर माझ्यापुढे एकजण होता. कुठल्या गावचा ते मी विचारलं नाही, पण त्याच्या बोचक्यावरचं सुंभ आमच्याकडचंच होतं. पोलिसाने त्याला बाजूला घेतलं आणि बोचकं उघडायला सांगितलं. तो दाताने गाठ सोडत होता. चौकटीतून गेला तर चौकट वाजली. पुन्हा मागे. खिशातून अडकित्ता निघाला. पुन्हा गेला, पुन्हा वाजली. कमरेच्या करगोट्यात तांब्याचा ताईत होता. त्याच्या विमानाचं नाव पुकारत होते आणि तो शर्ट वर करून उभा होता. माझी पाळी आली. पोलिसाने उघड्या पिशवीत हात फिरवला, पट्टा पाहिला, सुटे सेल पाहिले. "जाइए," म्हणाला. मी पलीकडे होतो. हे इतकं सहज झालं की मी मागे वळून पाहिलं, काही राहिलं तर नाही ना.

हे सगळं मी घरी कळवलं. सुमनने ते काकीला वाचून दाखवलं, आणि काकीने ते पाणवठ्यावर सांगितलं. पुढच्या वर्षी मी सुट्टीवर आलो तर आमच्या अंगणात बाप्ये बसलेले. आखातात निघालेला माणूस, कर्जतचा असो की खालापूरचा, आदल्या दिवशी सामान घेऊन काकीकडे यायचा. विमान तिने डोक्यावरून जाताना पाहिलेलं, तेवढंच. तरी ती प्रत्येकाला अंगणातून ओटीवर आणि ओटीच्या चौकटीतून माजघरात चालवायची. हात पसरून.

"काकी, आमी काय पोटुशी हाव काय?" पळसदरीचा एक गवंडी म्हणाला.

"पोटुशीच रं. बघ किती कोंबलंयस. खिशात काय हाय?"

"चुन्याची डबी."

"काढ. कमरंला?"

"करगोटा हाय. त्यो नाय सोडायचा काकी. बा सांगून गेलाय."

"दाराच्या अल्याड सोड, पल्याड बांध. मधल्या चार पावलांत देव काय झोपतो काय?" सगळे हसले. गवंडी लाजला, पण करगोटा त्याने तिथेच सोडून पाहिला आणि पुन्हा बांधला. "ही शिवलेली पिशवी कोणाची?"

"शेजाऱ्याची. त्याच्या भावाला द्याची हाय."

"आत काय हाय?"

"म्हाईत नाय."

"म्हाईत नाय ते हातात घ्याचं नाय. त्याला बोलाव. त्यानं उसवायची, तुला दाखवायची, मग न्यायची." शेजाऱ्याला बोलावलं गेलं. तो कुरकुरत आला. आत सुका जवळा होता आणि त्यात मधोमध सुपारी फोडायला एक सुरी. काकीने सुरी काढून त्याच्या हातात दिली.

त्याच सुट्टीनंतर ती सुमनला घेऊन मला पोचवायला विमानतळावर आली. तिला रांग बघायची होती. आत सोडत नव्हते. ती बाहेर काचेला नाक लावून उभी राहिली. मी आत शिरताना मागे पाहिलं तर शेजारच्या बाईला ती काहीतरी समजावून सांगत होती. काय ते सुमनने पुढच्या सुट्टीत सांगितलं. काकी म्हणाली होती, "बघा, एकेक जातो, डोकं पुढं घालून. बरोबर हाय. कोण पायाळू निघाला की घोळ." त्या बाईचा मुलगा आत रांगेत होता आणि ती रडत होती. काकीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "रडू नको गं. भायेरच पडतोय तो. आत नाय चाललाय."

दत्तू खालापूरचा. मस्कतला आम्ही एका खोलीत राहायचो. त्याची बायको बाळंतपणात दोन दिवस अडली होती, तेव्हा काकीला गाडी पाठवून नेलं होतं. बायको वाचली, मुलगा वाचला. दत्तू काकीचं नाव घ्यायचा तेव्हा बसलेला असेल तर उठायचा.

तार आली त्या संध्याकाळी सगळं दत्तूने केलं. साहेबांकडून पासपोर्ट आणला, पहाटेच्या विमानाचं तिकीट आणलं, बॅग भरली. मी खुर्चीत बसून होतो. वैशाखाचे दिवस होते. घरी काय करत असतील ते मला कळत होतं: कर्जतहून बर्फाच्या लाद्या आणल्या असतील, सुमन कोणाला हात लावू देत नसेल. वाट पाहतो म्हणजे किती पाहतील? उद्याची दुपार टळेपर्यंत. त्यापुढे तो देह कोणी ठेवणार नाही आणि ठेवूही नये. हे विमान चुकलं तर मी पोचेन तेव्हा राख असेल. एवढंच डोक्यात होतं. बाकी डोक्यात काही नव्हतं.

विमानतळावर मी रांगेत उभा राहिलो. चौकटीपाशी आलो. चौकट वाजली. पट्टा कमरेलाच होता. मी पट्टा काढून पुन्हा गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने बॅगेकडे बोट दाखवलं आणि ती उघडायला सांगितली. बॅगेला कुलूप होतं. काळजीपोटी दत्तूने ते लावलं होतं, आणि किल्ली त्याच्या खिशात राहिली होती. दत्तू बाहेर होता, दोन दारांच्या पलीकडे. मी सगळे खिसे पाहिले. पुन्हा पाहिले. मागचा माणूस काहीतरी म्हणाला. विमानाचं नाव पुकारलं. मी खिसे पाहतच होतो. इतक्या वर्षांत मी कधी इथे अडलो नव्हतो. आणि आज अडलो होतो.

"तोड दो," मी म्हणालो.

अधिकाऱ्याने पक्कड मागवली आणि कुलूप तोडलं. वरच एक गाठोडं होतं, पांढऱ्या फडक्याचं. ते मी पाहिलेलं नव्हतं.

"इसमें क्या है?"

"माहीत नाही," मी मराठीत म्हणालो. मग हिंदीत म्हणालो. त्याचा चेहरा बदलला. त्याने गाठोडं माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः एक पाऊल मागे झाला. "खोलो."

मी ओढत राहिलो. बोटांना कळत नव्हतं. गाठ घट्ट होत होती आणि विमानाचं नाव पुन्हा पुकारत होते. मग मी हात खाली घेतले. जरा थांबलो. टोक धरलं आणि आत ढकललं. गाठ सैल झाली. आत लुगडं होतं, हिरवं, घडी न मोडलेलं. दत्तूने ते संध्याकाळी बाजारात जाऊन आणलं असणार. गेलेल्या बाईच्या अंगावर घालायला आपल्याकडे लुगडं नेतात. तो येऊ शकत नव्हता म्हणून त्याने ते पाठवलं होतं. मला सांगायचा त्याला धीर झाला नसेल.

अधिकाऱ्याने घडीत हात घालून पाहिलं. त्याचा चेहरा सैल झाला. मोठ्या वयाचा माणूस होता. "किसके लिए?" त्याने विचारलं.

"चाची के लिए."

"अच्छा रंग है," तो म्हणाला. "खुश हो जाएगी."

मी लुगड्याची घडी नीट केली. मग "हां," म्हणालो.

विमानात मी लुगडं मांडीवर घेऊन बसलो. मुंबईला उतरलो. कुलूप नसलेली बॅग कोणी उघडायला सांगितली नाही. टॅक्सी चौक गावापाशी कर्जतकडे वळली तेव्हा ऊन चढलं होतं. दहिवलीच्या वळणावर माणसं उभी होती. त्यांनी गाडी पाहिली आणि ती रस्त्यातून बाजूला झाली.

अंगणात तिरडी होती. तिच्यावर काकी होती आणि ती बांधलेली होती. मला वाटत होतं की मी तिचा चेहरा पाहीन. मी सुंभच पाहत राहिलो. छातीवरून, कमरेवरून, गुडघ्यांवरून, उभं-आडवं. त्या गाठी मी ओळखल्या. पेंढ्याच्या गाडीच्या होत्या. काका खांबाला टेकून बसले होते.

सुमन म्हणाली, "दादा, आलास." मी लुगडं तिच्याकडे दिलं. तिने ते काकीच्या अंगावर पसरलं. कोणाचं ते मी सांगितलं. तिने मान हलवली.

नदीवर नेलं. चितेवर ठेवण्याआधी गाठी सोडाव्या लागतात. उन्हाने सगळे हैराण झाले होते. भावकीतल्या एकाने कोयता काढला, कापून मोकळं करायला. काका पुढे आले. आदल्या दिवसापासून ते कोणाशी बोलले नव्हते, असं सुमन म्हणते.

"कापू नका," ते म्हणाले. "मी बांधलंय. मास्तर सोडंल."

मी खाली बसलो. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. काकांच्या गाठी होत्या, त्या सहज येत नव्हत्या. मी टोक धरायचो आणि आत ढकलायचो. छातीवरची सुटली, कमरेवरची सुटली, गुडघ्यांवरची सुटली. शेवटी पायांचे अंगठे राहिले, ते पांढऱ्या दोऱ्याने बांधले होते. तीही गाठ सोडली. पाय जरासे बाजूला झाले. मी दचकून वर पाहिलं. काका म्हणाले, "झालं. आता नाय अडणार."

आता काका नाहीत. सुमन तिच्या घरी असते. मी मस्कतला परत गेलो नाही. कर्जतला एका गोदामात हिशेब लिहितो. कशेळ्याचा तो मुलगा मी एकदा बाजारात पाहिला, आईचा हात धरून चालत होता. काकीची पिशवी माझ्याकडे आहे. तिला नाडी नाही. आत नाळ बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आहे. त्यावर दोरा शिल्लक आहे.